घास खाली उतरेल ना?

अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरलेले रुग्ण नातेवाइकांसह समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात, तेव्हा बहुतेकांचे दोन प्रश्न असतात. पहिला सगळ्यांसमोर विचारला जातो : पोट न उघडता चार-पाच छिद्रांतून केलेले ऑपरेशन पक्के होते का? दुसरा रुग्ण एकटा सापडला की हळू आवाजात येतो : मला पुन्हा पहिल्यासारखे, चारचौघांत बसून जेवता येईल का? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मी एका शिक्षिकेच्या अनुभवाच्या आधारे देत आहे. त्यांनी लिहिण्यास परवानगी दिली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. शाळेतली मुले त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही इथे बाईच म्हणते.

बाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या शस्त्रक्रियेसाठी नव्हे. जवळजवळ तीन वर्षे त्यांना आम्लपित्ताची औषधे चालू होती, वजन १४ किलोंनी उतरले होते, एका एंडोस्कोपीत विशेष काही आढळले नव्हते आणि आता हा मनाचाच भाग असावा, जेवणाची भीती बसली असावी, असे ठरवून त्यांना समुपदेशनासाठी पाठवण्यात आले होते. घरात सासूबाईंनी दृष्ट काढून झाली होती. शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षिका डबे उघडत, तेव्हा बाई वह्या तपासायच्या आहेत असे सांगून वर्गातच थांबत.

मी त्यांना एका जेवणाची हकिकत पहिल्या घासापासून सांगायला लावली. भाकरी दुधात कुस्करली तरी दर दोन घासांमागे पेलाभर पाणी लागायचे. तेवढ्यानेही भागले नाही, तर ताटावरून उठून दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, छाती ताणायची, श्वास रोखून धरायचा, की काहीतरी धपकन खाली गेल्यासारखे वाटायचे. भाकरीचे सोडाच, पातळ ताकसुद्धा कधी कधी छातीत थांबायचे. रात्री झोपेत ठसका लागून जाग यायची आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर आदल्या रात्रीच्या भाताची शिते दिसायची. सासूबाई उठायच्या आत बाई तो अभ्रा धुऊन टाकत. मी विचारले, “जे वर येते ते आंबट लागते का?” त्या म्हणाल्या, “नाही, खाल्ला तसाच भात.”

मी डॉक्टर नाही आणि निदान करणे हे माझे काम नाही. परंतु पोटाच्या शस्त्रक्रियांच्या विभागात इतकी वर्षे बसल्यावर एवढे कळते, की जठरात जाऊन परत आलेले अन्न आंबट असते, आणि खाल्ला तसाच भात वर येत असेल तर तो जठरापर्यंत पोहोचलेलाच नाही. मी त्याच दिवशी त्यांना आमच्या सर्जनकडे पाठवले. बेरियमचे पातळ द्रावण पाजून काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिका वरच्या बाजूला फुगलेली आणि खालच्या टोकाला पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसली, आणि नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतील दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीने निदान पक्के केले : अॅकॅलेशिया कार्डिया. या आजारात अन्ननलिकेच्या भिंतीतील चेतापेशी नष्ट होत जातात. त्यामुळे घास पुढे ढकलणारी लाट उठत नाही आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप गिळताना उघडायची ती आवळलेलीच राहते. वर्षाला लाखात सुमारे एकाला होणारा आजार असल्यामुळे तो लवकर कुणाच्या ध्यानात येत नाही. निदान ऐकल्यावर बाई रडल्या. “म्हणजे मी नाटक करत नव्हते,” एवढेच त्या म्हणाल्या.

यानंतर शस्त्रक्रियेचे बोलणे सुरू झाले आणि त्यांच्या यजमानांनी पहिला प्रश्न विचारला. त्यांच्या वडिलांचे अल्सरचे ऑपरेशन पोट उघडून झाले होते. वीतभर टाके पडले होते, पण पुढे तीस वर्षे त्यांना काही झाले नाही. “एवढ्याशा भोकातून डॉक्टरांना काय दिसणार, मॅडम? खर्च होऊ दे, पण पोट उघडून नीट करा.” ही शंका मला कधीच अडाणीपणाची वाटत नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या मोठ्या व्रणावर विश्वास बसणे साहजिक आहे.

बाईंच्या मांडीवर अस्तर लावलेली कापडी पिशवी होती, तीच मी समजावण्यासाठी हातात घेतली. बाहेरचे कापड म्हणजे अन्ननलिकेचा स्नायू आणि आतले अस्तर म्हणजे तिचे नाजूक आवरण. शस्त्रक्रियेत अन्ननलिकेवर साधारण सहा सेंटिमीटर आणि जठरावर दोन-तीन सेंटिमीटर एवढा स्नायू उभा कापायचा असतो आणि अस्तराला मात्र धक्का लागू द्यायचा नसतो. ही जागा छातीच्या पडद्यालगत, यकृताच्या डाव्या भागाखाली खोल असते. पोट उघडले तरी तिथवर नजर आणि हात पोहोचवणे सोपे नसते, तर दुर्बीण थेट त्या जागेजवळ नेता येते आणि पडद्यावर एकेक धागा मोठा होऊन दिसतो. अस्तर जपण्याचे काम दुर्बिणीतून अधिक नीट होते ते यामुळे. शिवाय ही शस्त्रक्रिया नवी नाही. अर्न्स्ट हेलर या जर्मन सर्जनांनी ती १९१३ साली केली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा ती पोट उघडून होत असे, आता आत जाण्याची वाट बदलली आहे. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, हे सांगितल्यावर मात्र यजमान सावरून बसले. जे. जे. हे नाव त्यांच्या ओळखीचे होते.

त्याच बैठकीत मी दुसरी बाजूही सांगितली, कारण दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे किरकोळ ऑपरेशन असा उलटा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. त्वचेवरचे छेद लहान असतात, आतले काम तेवढेच मोठे असते आणि भूलही पूर्ण द्यावी लागते. शंभरातील काही रुग्णांत स्नायू कापताना अस्तराला छिद्र पडते. ते तिथल्या तिथे लक्षात आले तर लगेच शिवता येते. क्वचित रक्तस्रावामुळे किंवा आतल्या चिकटलेल्या भागांमुळे पोट उघडावे लागते. संमतीपत्रातील हे वाक्य वाचून नातेवाईक घाबरतात, परंतु वेळ आली तर पोट उघडण्याचा निर्णय घेणारा सर्जन रुग्णाचा जीव सांभाळत असतो, असे मी प्रत्येकाला सांगते. स्नायू सैल झाल्यावर जठरातील आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग कापलेल्या जागेवर पांघरून टाके घालतात, त्याला फंडोप्लिकेशन म्हणतात.

बाईंनी स्वतः वाचून आणखी एक विचारले : तोंडावाटेच आत जाऊन, पोटावर एकही छेद न घेता करतात ते पोएम का नको? जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी ही पद्धत २००८ पासून रूढ केली आणि ती उत्तमच आहे. अॅकॅलेशियाच्या काही प्रकारांत तर तीच पहिली पसंती असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२१ रुग्णांच्या तुलनेत दोन वर्षांनंतर दोन्ही पद्धतींचा गुण जवळजवळ सारखा, म्हणजे ८३ आणि ८२ टक्के आढळला. मात्र आम्लामुळे अन्ननलिकेला सूज येण्याचे प्रमाण पोएमनंतर ४४ टक्के आणि हेलरनंतर २९ टक्के होते. फुगा घालून झडप रुंदावण्याचा पर्यायही सर्जननी समोर ठेवला होता. सगळे ऐकून बाईंनी हेलर निवडले.

दुसरा प्रश्न यजमान औषधाच्या दुकानात गेले असताना आला. “मॅडम, मार्चमध्ये सातवीच्या मुलांचा निरोप असतो. आम्ही सगळे पंगतीला बसतो. तोपर्यंत घास खाली उतरेल ना?”

इथे ‘हो, अगदी पहिल्यासारखे जेवाल’ असे म्हणणे सोपे होते. सुरुवातीच्या वर्षांत मी तसे म्हणत असे. एका आजोबांना मी तसेच सांगितले होते आणि घरी गेल्यावर दहाव्या दिवशी पहिला घास अडकला, तेव्हा ऑपरेशन फसले असे समजून त्यांनी जेवणच सोडले. आठवडाभर ते पाण्यावर होते आणि लाजेने कुणाला काही बोलले नाहीत. ती चूक माझी होती. म्हणून बाईंना मी सांगितले, की शस्त्रक्रियेने झडप सैल होते, पण अन्ननलिकेची गेलेली लाट परत येत नाही. यापुढे घास मुख्यतः स्वतःच्या वजनाने खाली उतरेल. ताठ बसून, लहान घास चावून, अधूनमधून पाणी पिऊन जेवावे लागेल, निजण्याआधी तीन तास तरी काही खायचे नाही आणि उशाकडची बाजू उंच ठेवायची. कधीतरी एखादा घास थांबेल, आणि त्याचा अर्थ ऑपरेशन फसले असा नसतो. घास वारंवार अडकू लागला किंवा वजन पुन्हा उतरू लागले, तर मात्र तपासणीला यायचे, कारण काही रुग्णांना पुढे फुग्याचा किंवा अन्य उपचार लागतो. आजार मुळातून जात नसल्याने डॉक्टर सांगतील त्या अंतराने एंडोस्कोपीही करत राहायची. बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “पण बसता येईल?” मी म्हटले, “बसता येईल.”

त्यांना दोन दिवस आधीपासून फक्त पातळ पदार्थांवर ठेवले, कारण अन्ननलिकेत साचलेले अन्न भूल देताना फुप्फुसात जाऊ शकते. शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे पार पडली, पाच छेद, सर्वांत मोठा जेमतेम सेंटिमीटरभर. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई घाबरल्या होत्या त्या पोटाच्या नव्हे, उजव्या खांद्याच्या दुखण्याने. पोटात जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्यामुळे छातीच्या पडद्याला त्रास होतो आणि दुखणे खांद्यात जाणवते. हे दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते, हे आधी सांगितलेले असूनही प्रत्यक्ष दुखताना आठवत नाही, म्हणून मी त्या सकाळी पुन्हा सांगितले. ताप, छातीत वाढत जाणारी वेदना किंवा धाप लागली, तर मात्र वाट न पाहता त्वरित कळवायचे, हेही सोबत बजावले. तिसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या. आठवडाभर पेज, ताक आणि गाळलेले वरण, त्यानंतर मऊ भात आणि मुगाची खिचडी, असे करत पाचव्या आठवड्यात त्या भाकरीवर आल्या.

तीन महिन्यांनी बाई तपासणीला आल्या तेव्हा वजन पाच किलोंनी वाढले होते आणि पिशवीत दोघींपुरता डबा होता. जेवणाची वेळ झालीच होती. माझ्या टेबलावर कागद पसरून त्यांनी भाकरी आणि पातळ पिठले वाढले आणि निरोपाच्या पंगतीत मुलांनी कसा आग्रह केला ते सांगू लागल्या. चौथ्या-पाचव्या घासाला त्या बोलता बोलता थांबल्या. मी त्यांच्या हातांकडे पाहिले. हात टेबलावरच होते. त्यांनी कोमट पाण्याचे दोन घोट घेतले, क्षणभर ताठ बसल्या, “गेला,” म्हणाल्या, आणि पुढचा घास मोडत पंगतीची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगू लागल्या.