पायथनमध्ये माझ्या नागपूरच्या कळमना मार्केटच्या फाइलमधून आलेल्या स्ट्रिंगचा (मजकुराचा) इंट (पूर्णांक) करायचा की फ्लोट (दशांश संख्या), कसं ठरवायचं?

आधी इंट() लावून बघ भाऊ, व्हॅल्यूएरर (म्हणजे मजकुराचा आकडा करता आला नाही अशी एरर) आला तर फ्लोट(), तोही फसला तर स्ट्रिंग तशीच राहू दे. क्रम उलटा केलास तर तुझ्या कळमना मार्केटच्या फाइलमधले '४०' क्रेट पण ४०.० होऊन बसतील, कारण फ्लोट पूर्णांकही गिळतो, इंट मात्र '३२.५' दिसलं की अडतो. मागेपुढे स्पेस असली तरी चालते, आकडे देवनागरीत टाइप केलेले असले तरी चालतात (खरंच, करून बघ), पण '१,२५०' मधला स्वल्पविराम नाही चालत, तो आधी रिप्लेसने काढून टाक. फक्त एसटीडी कोडच्या कॉलमला हे लावू नको, नागपूरचा '०७१२' गुपचूप ७१२ होतो अन् एररही येत नाही.