आंतरराष्ट्रीय विकास परिषदेत स्वयंसेवक व्हायचंय. प्रवासखर्च मिळतो का? आणि उपयोग काय होतो?

प्रवासखर्च बहुतेक ठिकाणी मिळत नाही. प्रवेशशुल्क माफ, जेवण, टी-शर्ट आणि प्रमाणपत्र, एवढाच व्यवहार. म्हणून आयोजक त्याच शहरातले विद्यार्थी घेतात. पुण्याहून स्वखर्चाने जिनिव्हाला जाऊन बॅज वाटण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. व्हिसा नाकारला गेला तर अर्जाची फीही बुडते.

अपवाद भाषेचा. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच, म्हणजे जगभरच्या सामाजिक चळवळींचा मेळावा, भरला. तिथे ‘बाबेल्स’ या जाळ्यातल्या स्वयंसेवक दुभाष्यांनी भाषांतर केलं. मानधन नाही, पण प्रवास आणि राहण्याची सोय व्हावी, ही त्यांची पद्धत होती. तेव्हा फ्रेंच किंवा स्पॅनिश खरोखर चांगली येत असेल तर अर्जात ते सगळ्यात वर लिहा. हिंदी-मराठीही लिहा, भारतात परिषद असली की गावाकडून आलेल्या कार्यकर्त्यांशी बोलायला माणसं कमीच पडतात.

उपयोग कामावर ठरतो. नोंदणीच्या टेबलावर दिवसभर नुसती नावं शोधाल. सभागृहातलं काम मागून घ्या: माइक फिरवणं, वक्त्याला वेळेची पाटी दाखवणं, टिपणं काढणं. चर्चा ऐकायला मिळते, आणि टिपणं काढणाऱ्याला वक्ते स्वतःहून शोधत येतात. नोकरी तिथे कोणी देत नाही, ओळखी होतात. कामाची पाळी नसताना सत्रांना बसू देणार का, हे मात्र आधीच ईमेलवर लेखी विचारा.

आणि नवे बूट घालून जाऊ नका.