सरपंचाचा आमदार होतो का?

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, यंदाच ग्रामपंचायतीत निवडून आलोय. इथून विधानसभेपर्यंत खरंच जाता येतं का, की ते फक्त घराण्यातल्यांचंच काम?

उत्तर : येतं की! विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, १९८० ला आमदार आणि १९९९ ला मुख्यमंत्री. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेत होते, मग १९९० ला तासगावचे आमदार. फडणवीस १९९२ ला नागपूरचे नगरसेवक, १९९७ ला महापौर, १९९९ ला आमदार. घराण्याचा फायदा होतो हे खरंय, पण आर. आर. आबांकडे तेही नव्हतं, म्हणून मला त्यांचंच उदाहरण जास्त जवळचं वाटतं.

विधानसभेला वय २५ लागतं, म्हणजे तुम्हाला अजून दोन वर्षं आहेत, ती ग्रामसभेत घालवा. एकदा नळाला पाणी का येत नाही यावर बायका हंडे घेऊन समोर बसल्या ना, की टाकी कुठल्या योजनेतली, बिल कुणी थकवलं, फाईल पंचायत समितीत कुठल्या टेबलावर अडकलीय हे सगळं शोधावंच लागतं आणि ते शिक्षण कुठल्याच भाषणातून मिळत नाही. पुढे मतदारसंघ मोठा हवा, जिल्हा परिषदेचा गट (अनेक गावांचा मिळून एक मतदारसंघ) लढवा, कारण विधानसभेचा मतदारसंघ म्हणजे असे कित्येक गट, एका गावावर भागत नाही.

विधान परिषदेचाही रस्ता आहे, ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांमधले सदस्य निवडतात, पण तिथे वय ३० लागतं आणि ग्रामपंचायत सदस्याला त्यात मत नसतं.