लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, मग सीडीवरची गाणी त्यात कशी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी जमवलेल्या चाळीसेक ऑडिओ सीडी घरात आहेत, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. मित्राने सुचवलंय की जुन्या पीसीचा ड्राइव्ह वायफायवर शेअर कर आणि गाणी कॉपी करून घे.

मित्राचा सल्ला डेटा सीडीसाठी (जिच्यावर फायली साठवलेल्या असतात) ठीक आहे, ऑडिओ सीडीसाठी नाही. ऑडिओ सीडीवर फायलीच नसतात. विंडोजमध्ये सीडी उघडलीत तर 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' असं काहीतरी दिसेल, नावाच्या शेवटी 'सीडीए', आणि प्रत्येकाचा आकार जेमतेम एक केबी. ती गाणी नव्हेत, कुठलं गाणं सीडीवर कुठून सुरू होतं याची नुसती नोंद आहे. ती कॉपी केलीत तर क्षणात होते, सीडी आत असेपर्यंत वाजतेही, आणि सीडी बाहेर काढली की गप्प. गाणी प्रत्यक्ष वाचून त्यांच्या फायली बनवाव्या लागतात, त्यालाच रिप करणं म्हणतात. नेटवर्कवरून शेअर केलेल्या ड्राइव्हवर ते जमत नाही. (मॅकवर सीडी लावली की गाणी एआयएफएफ या प्रकारच्या ऑडिओ फायली म्हणून दिसतात आणि सरळ ओढून घेता येतात. पण त्यालाही ड्राइव्ह जोडलेला लागतोच.)

जुना पीसी चालू आहे ना? मग एक पैसा खर्च करू नका. त्याच पीसीवर रिप करा आणि फोल्डर पेन ड्राइव्हने लॅपटॉपवर आणा. पीसी कुरकुरत असेल तर यूएसबीचा एक्स्टर्नल डीव्हीडी रायटर घ्या. ऑनलाइन मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात टापकीर गल्लीतही मिळेल. घेताना दोन गोष्टी बघा. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असतील तर केबल तशी हवी. आणि ड्राइव्ह लॅपटॉपच्या पोर्टमध्येच लावा, एका पोर्टचे अनेक करणाऱ्या स्वस्तातल्या हबमध्ये नको. सीडी फिरायला लागली की ड्राइव्ह बऱ्यापैकी करंट ओढतो, हबला तो पुरवता येत नाही आणि मग ड्राइव्ह मध्येच गायब होतो. या पातळ ड्राइव्हचा ट्रे नाजूक असतो. खालून बोटांचा आधार देऊन सीडी मधल्या खुंटीवर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायची, नुसती ठेवून ट्रे ढकलायचा नाही.

सॉफ्टवेअर फुकट आहे. विंडोज मीडिया प्लेयरमध्ये रिपची सोय आहेच, फक्त सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅट फ्लॅक (आवाज जराही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) करा. सीडीवर चरे असतील तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचा प्रोग्रॅम वापरा. वेळ जास्त लागतो, पण ते शंकास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचतं आणि कुठे वाचता आलं नाही तेही सांगतं. मॅकवर म्युझिक ॲपमध्ये फ्लॅकसारखाच ॲपल लॉसलेस हा फॉरमॅट निवडा.

एमपी३ का नको? जागेची चिंता करण्याचे दिवस गेले. सीडीवरचा आवाज मिनिटाला साधारण १० एमबी घेतो. फ्लॅकमध्ये तो ढोबळमानाने निम्म्यावर येतो, आणि आवाजातलं काहीही जात नाही. म्हणजे तासाभराची सीडी ३०० एमबीच्या आसपास, तुमचा सगळा संग्रह १२ जीबीच्या घरात. पण माझं खरं कारण वेगळं आहे. ख्यालाच्या सीडीत विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतं, मध्ये तानपुरा अखंड चालू. एमपी३ बनताना प्रत्येक फायलीच्या टोकांना किंचित शांतता चिकटते, त्यामुळे कित्येक प्लेयरवर नेमका त्या जागी तानपुरा तुटतो. ऐकताना दर वेळी खटकतं. फ्लॅकमध्ये ही भानगड नाही.

आता नावं. सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार आहे, पण तो द्याच. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून गाण्यांची नावं आपोआप भरतं. आपल्याकडच्या सीडींच्या बाबतीत ती कुणीतरी कधीतरी रोमनमध्ये टंकलेली असतात. एका सीडीवर 'भीमसेन जोशी', दुसरीवर 'पं. भीमसेन जोशी', तिसरीवर 'पंडित' पूर्ण लिहिलेलं, की प्लेयरमध्ये तीन वेगळे गायक तयार. राग, ताल, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे तर क्वचितच भरलेलं असतं. ते सगळं सीडीच्या डबीतल्या कागदावर आहे. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, आणि नावं एमपी३टॅग नावाच्या, विंडोजवर फुकट असलेल्या प्रोग्रॅममध्ये बसून देवनागरीत भरा (नाव तसं असलं तरी फ्लॅकलाही चालतं). नाट्यपदांना अल्बमच्या जागी नाटकाचं नाव घाला, शोधताना तेच आठवतं. प्रत्येक सीडी रिप झाली की लगेच भरा. चाळीस फोल्डर 'अननोन आर्टिस्ट' नावाने साचले की कुणाचा हात धजत नाही.

सीडी मळकट असेल तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. माहिती चक्राकार रेषेत असते, त्या दिशेने चरा पडला तर सलग भाग जातो. टूथपेस्ट घासायचे उपाय वाचाल, नादी लागू नका. चमकत्या बाजूच्या बारीक चऱ्यांतून ड्राइव्ह बहुधा निभावून नेतो. छापील बाजूला खरवडलं असेल तर मात्र अवघड, कारण परावर्तक थर त्याच बाजूला, पातळ लाखेखाली असतो. सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीएवढी भोकं चमकली तर तेवढं गाणं गेलं समजा.

संग्रहात 'एमपी३' छापलेल्या, पन्नास-शंभर गाण्यांच्या सीडीही निघतील. त्या डेटा सीडी. त्यांच्यावर खऱ्या फायली असतात, सरळ कॉपी करा. त्यांचं फ्लॅक करत बसू नका, एमपी३ बनताना गेलेला आवाज परत येत नाही. मित्राची वायफायची युक्ती इथे चालेल.

गाडीत ऐकायचं असेल तर फ्लॅकवरून एमपी३ची वेगळी प्रत बनवा. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, जुन्या स्टीरिओंना दुसरं झेपत नाही. त्या प्रतीत फायलींची नावं रोमनमध्ये ठेवा, नाहीतर स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतील.