बालीला जा, पण एप्रिलचा पगार हिशेबात धरू नका

वाचक २८ वर्षांच्या आहेत, राहणार नागपूरच्या प्रतापनगरात, नोकरी तिथल्याच मिहान या औद्योगिक-आयटी वसाहतीत. ३० एप्रिल हा तिथला शेवटचा दिवस आणि ८ जूनला पुण्यात नव्या कंपनीत रुजू व्हायचं आहे. मधल्या सुट्टीत पाठीवर सॅक टाकून एकटीनं बालीत २१ रात्री काढायचा बेत आहे: १४ समुद्रकिनारी, ७ आतल्या गावांत. सेव्हिंग खात्यात १ लाख ६० हजार, एफडी २ लाख, पीएफ साधारण १ लाख ९० हजार. घरी दरमहा १५ हजार देतात, एसआयपी ५ हजारांची. पैसे पीएफमधून काढावेत, एजंटचं सात रात्रींचं ईएमआयवरचं पॅकेज घ्यावं की बचत वापरावी, हा त्यांचा प्रश्न. बाबांचं म्हणणं, त्यापेक्षा बेसाकडच्या प्लॉटचा इसार द्यावा.

बाबांचं आधी. नोकरी आणि शहर दोन्ही बदलत असताना इसार देऊन बसणं मला पटत नाही. पुढची रक्कम वेळेत उभी राहिली नाही तर इसारच अडकतो. प्लॉटचं बोलणं दिवाळीनंतर करा.

पीएफला हात लावू नका. सलग पाच वर्षांची सेवा भरायच्या आत काढलेला पीएफ करपात्र ठरतो. शिवाय तुम्ही बेरोजगार होत नाही, नोकरी बदलताय. जूनमध्ये रुजू झालात की तो नव्या खात्यात ट्रान्सफर करून घ्या. पॅकेजही नको. परदेशी टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, लागतो (रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकलेलाच), आणि हप्ते पुण्यातल्या पहिल्या पगारांवर येऊन बसतात.

राहिली बचत. इथं तुमच्या एक्सेल शीटमध्ये एक ओळ सुटली आहे. एप्रिलचा ५२ हजार पगार तुम्ही मे महिन्याच्या खर्चाला धरलाय. राजीनामा दिलेल्या माणसाचा शेवटचा पगार बऱ्याच कंपन्या रोखून ठेवतात आणि फुल अँड फायनलसोबत, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबासोबत, देतात. त्याला महिना-दीड महिना लागू शकतो. नवा पगार जूनअखेर, आणि तोही पूर्ण महिन्याचा नाही. म्हणजे मे आणि जून, दोन्ही महिने १ लाख ६० हजारांतच काढायचे, असं समजून चला.

आता बाली. तुमच्याच आकड्यांप्रमाणे किनाऱ्यावरच्या सेमिन्याक-चांगूला खोली २,२०० रुपये आणि जेवण रोजचं १,४००, तर आतल्या सिडेमन किंवा मुंडुक गावाला अनुक्रमे १,१०० आणि ७००. मग गावांतले दिवस वाढवले की खर्च आपोआप उतरेल असं वाटतं. पण बालीत रेल्वे नाही आणि आतल्या गावांना भरवशाची बससेवा जवळजवळ नाहीच. सिडेमन पूर्वेला, आगुंग ज्वालामुखीच्या बाजूला. मुंडुक उत्तरेकडच्या डोंगरात, लवंग-कॉफीच्या बागांमध्ये. एकीकडून दुसरीकडे जायचं तर गाडी करावी लागते आणि तुम्ही आणलेल्या कोटेशनप्रमाणे एका फेरीचे तीन हजार जातात. दर दोन दिवसांनी गाव बदललं तर खोलीत वाचवलेलं ड्रायव्हरच्या खिशात. दोनच मुक्काम ठेवा, प्रत्येकी पाच-सहा रात्री. जातिलुविहची भाताची खाचरं मुंडुकहून एका दिवसात होतात.

स्कूटर स्वस्त पडेल, हे खरं. पण त्यासाठी नागपूर आरटीओचं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट हवं, आणि मूळ लायसन्स दुचाकीचं हवं. तुमचं फक्त कारचं असेल तर विषय संपला. लायसन्सशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा दावा नाकारतो आणि तिथल्या खासगी हॉस्पिटलचं बिल एफडी गिळून टाकू शकतं.

माझा हिशेब १६ रात्रींचा आहे, चार किनाऱ्यावर आणि बारा आत. विमानं ३८ हजार (नागपूरहून थेट विमान नाही, त्यामुळे दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर मधे एक रात्र ठेवाच, पहिलं लेट झालं तर दुसरी कंपनी ऐकून घेत नाही). व्हिसा ऑन अरायव्हल (तिथं उतरल्यावर मिळणारा व्हिसा) ५ लाख रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचं चलन, आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेला पर्यटक कर दीड लाख रुपिया, मिळून आपले साडेतीन हजार. शून्यांना घाबरू नका, एक लाख रुपिया म्हणजे साधारण सव्वापाचशे रुपये. खोल्या २२ हजार, जेवण १४, गाड्या १२, विमा २, बाकी ६. एकूण ९७,५००.

त्यात घरचे दोन महिन्यांचे ३० हजार मिळवा. एसआयपी दोन महिने थांबवा. पुण्यात लगेच फ्लॅटचं डिपॉझिट भरू नका, आधी पीजी बघा आणि त्यासाठी २५ हजार ठेवा. बेरीज १ लाख ५२ हजार ५००. एफडी शाबूत राहते. २१ रात्री केल्यात तर हाच हिशेब १ लाख ६० हजारांच्या पुढे जातो आणि एफडी मोडावी लागते. पैशांची अगदीच गरज पडली तर मोडण्याऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून उचल, घ्या.

वेळ मात्र तुम्ही झकास निवडली आहे. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिशीला टेकतो, तर बालीत पावसाळा सरलेला असतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून आलेली नसते, म्हणून खोल्यांचे दरही चढलेले नसतात. किनाऱ्यावर कार्ड चालेल, गावांत रोख लागेल. कार्डचा परकीय चलनावरचा आकार आधी विचारा, काही कार्डांवर तो साडेतीन टक्के आणि वर जीएसटी असतो. मशीननं 'रुपयांत की रुपियात' विचारलं तर रुपियाच निवडा.

कंपनीचा आरोग्य विमा सहसा शेवटच्या दिवशीच संपतो. आईबाबा त्याच पॉलिसीत असतील तर त्यांची स्वतंत्र पॉलिसी मार्चमध्येच काढा. नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं.

आणि तिकीट काढण्याआधी एचआरला ईमेल करून दोनच गोष्टी लेखी मागा: रिलीव्हिंगची तारीख आणि एप्रिलचा पगार कधी जमा होणार. पगार नेहमीच्या तारखेला मिळणार असं उत्तर आलं, तर २१ रात्री खुशाल करा.