रिगवरून आलेला नवरा घरात पाहुणा का वाटतो?

तेलक्षेत्रावर, रिगवर म्हणजे तेलविहिरी खोदणाऱ्या तळावर, काम करणाऱ्यांच्या बायका समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो. 'तो तिकडे असतो तेव्हा आम्ही दिवस मोजतो. घरी आला की आठवड्याभरात वाटायला लागतं, परत कधी जाणार हा? आणि असं वाटल्याची लाजही वाटते. आमच्याशी दोन वाक्यं धड बोलत नाही, रिगवरच्या मित्रांशी मात्र तासन्‌तास. आम्ही त्याला नकोसे झालोय का?'

अशाच एका जोडप्याची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला दोघांची परवानगी आहे.

पहिल्यांदा ती एकटीच आली. लग्नाला दहा-बारा वर्षं झालेली, दोन मुलं, नवरा समुद्रातल्या रिगवर डेरिकमन. 28 दिवस तिथे, 28 दिवस घरी. 'वर्षातले सहा महिने सुट्टी, अजून काय पाहिजे?' हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की सांगताना तिने नातेवाइकांचा आवाजच काढून दाखवला.

घरातल्या त्या 28 दिवसांचे तिच्या लेखी ठरलेले तुकडे होते. पहिले तीन-चार दिवस तो झोपतो, तेही दिवसा, आणि रात्री घरभर फिरतो. मग एकदम जागा होऊन घर सुधारायला घेतो. ही वायर इथे कशाला, गॅस खालून बंद केला का, मोठ्याचा क्लास कुणाला विचारून बदलला? त्यावरून भांडणं. मधले काही दिवस खरंच चांगले जातात. शेवटच्या आठवड्यात तो पुन्हा मिटतो आणि बॅग दोन दिवस आधीच भरून दाराशी येते.

पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. तिचं एक ऑपरेशन झालं तेव्हा तो रिगवर होता. हवामान खराब, हेलिकॉप्टर उडत नव्हतं. ते तिने समजून घेतलं. पुढच्याच सुट्टीत क्रूमधल्या एकाचे वडील गेले, तर हा रात्रीची गाडी धरून निघाला आणि तीन दिवस तिथे राहिला.

"गेला याचा राग नाही, मॅडम. जायलाच हवं होतं. पण तिथे कोणाजवळ बसायचं, कोणाला काय हवं, सगळं याला न सांगता कळलं. आमच्यात आला की काहीच कसं कळत नाही?"

मी तिला विचारलं, तो तिथे नेमकं काय करतो?

"ड्रिलिंग."

म्हणजे काय करतो?

ती गप्प झाली. दहा-बारा वर्षांच्या संसारात तिला हेलिकॉप्टर, तारखा आणि पगार एवढंच ठाऊक होतं. यात तिची चूक नव्हती. घरच्यांना काळजी नको म्हणून ही माणसं काही सांगत नाहीत, आणि मग घरात आपल्याला कोणी समजून घेत नाही म्हणून झुरतात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पहिल्या भेटीतच हा प्रश्न विचारते.

तेव्हा इथेही जरा सविस्तर सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डेरिक म्हणजे रिगवरचा तो उंच मनोरा. जुन्या धाटणीच्या रिगवर ड्रिल फ्लोअरपासून साधारण 25 मीटर उंचीवर 'मंकी बोर्ड' नावाची अरुंद फळी असते, तिच्यावर डेरिकमन हार्नेस बांधून उभा राहतो. विहिरीतले पाइप बाहेर काढायचे किंवा परत सोडायचे, याला ट्रिप म्हणतात. तीन पाइप जोडून झालेला जवळजवळ 28 मीटर लांबीचा स्टँड वर आला की डेरिकमनने तो एलिव्हेटरमधून, म्हणजे पाइप धरून वर उचलणाऱ्या पकडीतून, सोडवून, ओढून रांगेत लावायचा. 3000 मीटर खोल विहीर म्हणजे असे शंभराहून जास्त स्टँड. सगळे काढायचे, खालची बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, बदलायची, पुन्हा सगळे आत सोडायचे. खाली रफनेक, म्हणजे फ्लोअरवरचे कामगार, टाँग नावाचे अवजड पाने लावून जोड सोडवत असतात आणि पाइप वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या ब्रेकवर ड्रिलर. त्याचा अंदाज जरा चुकला तर कोणाचा तरी हात जातो, कधी जीवही. आवाज एवढा की बोलणं बरचसं हातवाऱ्यांनीच. बारा तासांनी शिफ्ट संपते. ज्या खोलीत झोपायचं ती बहुधा उलट्या शिफ्टवाल्यासोबत वाटून घेतलेली, त्यामुळे खोलीचा सोबती जागेपणी क्वचितच दिसतो.

त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं धरून चालणारा माणूस मरतो. म्हणून अशा विहिरीवर एकट्याने फिरायचं नाही, जोडीदाराने जोडीदारावर लक्ष ठेवायचं, हा नियमच असतो. मला हा नियम फार बोलका वाटतो. आपल्या शरीराने धोक्याची सूचना द्यायचं बंद केलं तरी बाजूच्याला ती मिळेल, या भरवशावर ही माणसं जगतात. अशा दोस्तीशी घरातल्या कुणी स्पर्धा करू नये, आणि करायची गरजही नाही.

दुसऱ्या भेटीला तो आला, म्हणजे तिने आणला. खुर्चीच्या टोकावर बसला. "मला काही झालेलं नाही. ही म्हणाली म्हणून आलोय." मी म्हटलं, बरं, मग तुम्ही मला व्ही-डोअरची किल्ली आणून देता का?

तो चपापला आणि मग खो-खो हसला. बायको आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. व्ही-डोअर म्हणजे डेरिकच्या बाजूची पाइप वर ओढून घेण्याची मोकळी जागा. तिला दारच नसतं, तर किल्ली कुठली? रिगवर नव्याने आलेल्या पोराला ही किल्ली आणायला पिटाळायची जुनी रीत जगभर आहे. तोही पहिल्या आठवड्यात अर्धा रिग हिंडला होता. प्रत्येकाने गंभीर चेहऱ्याने त्याला दुसऱ्याकडे धाडलं. शेवटी मेसमध्ये सगळे टाळ्या वाजवायला थांबले होते. "त्या दिवशी मी त्यांच्यातला झालो," तो म्हणाला. बायकोने हे पहिल्यांदाच ऐकलं.

मग तो बोलता झाला. एका ट्रिपमध्ये टाँगमध्ये सापडून एका रफनेकची दोन बोटं गेली होती. हा वरून बघत होता. नंतर चार दिवस सगळ्यांनी त्या माणसावरून विनोद केले, त्याने स्वतःही फोनवरून केले. रडलं कोणीच नाही. घरी आल्यावर मुलगा दारात बोटं घालून उभा दिसला आणि हा त्याच्यावर असा ओरडला की मूल दिवसभर त्याच्याजवळ गेलं नाही. बायकोच्या हिशोबात ते 'आल्या आल्या आरडाओरडा' या खात्यात जमा झालं होतं.

"मित्रांशी तुम्ही याबद्दल बोलता?"

"नाही. पण त्यांना सांगावं लागत नाही ना."

या मैत्रीचं बळ यातच आहे आणि उणीवही यातच, असं माझं मत आहे. खांद्याला खांदा लावून काम करणारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे फारसं बघत नाहीत. भीती वाटली असं म्हणायला तिथे जागा नसते, थट्टेला भरपूर असते. शिवाय क्रू कायमचा नसतो. 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले, 2020 मध्ये पुन्हा, आणि दोन्ही वेळी जगभर रिग थांबले, क्रू विखुरले. आयुष्यभराचा वाटलेला ग्रुप महिनाभरात मुका झालेला मी माझ्याकडे येणाऱ्यांच्या फोनमध्ये पाहिलाय.

मी त्याला विचारलं, घरी नक्की काय होतं? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिथे मला माहीत असतं, कुठे उभं राहायचं. घरात माझ्याशिवाय सगळं चालतं. चांगलं चालतं. मग मी काहीतरी दुरुस्त करायला जातो."

ही घरंदारं काही जगावेगळी नाहीत. उत्तर समुद्रातलं तेल सुरू झालं तेव्हा स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमधल्या डॉक्टरांकडे अशा बायकांची रीघ लागली होती. नवऱ्याच्या येण्या-जाण्याच्या वेळी वाढणारी बेचैनी, उदासी, शरीरसंबंधातल्या अडचणी, असं ते चित्र होतं. त्यावरचा एक अभ्यास 1985 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री'त छापून आला आणि त्याच्या शीर्षकातच नवऱ्यांना 'अधूनमधून असणारे' म्हटलं होतं. त्रास जास्त होतो तो या दारातल्या दिवसांत, आल्यावर आणि जाण्याआधी. जाण्याच्या आदल्या दिवशीचं भांडणही ओळखीचंच. रागावून निघणं रडत निघण्यापेक्षा सोपं पडतं. झोपेचं म्हणाल तर दोन आठवडे सलग रात्रपाळी केलेल्याचं शरीर रात्रीलाच दिवस मानू लागतं, आणि घरी आल्यावर ते उलटं फिरायला बरेच दिवस लागतात. त्याला आळस म्हणू नका.

तिसऱ्या भेटीत मी त्याला पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरच्या दुर्घटनेबद्दल सांगायला लावलं. सुरक्षेच्या प्रत्येक वर्गात शिकवतात, त्याला पाठच होतं. 6 जुलै 1988, उत्तर समुद्र. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला, जागी नुसती झाकणी. ते काम अर्धवट राहिल्याचं रात्रपाळीला नीट कळलंच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा सुरू केला. वायू सुटला, स्फोट झाला, आग लागली, 167 माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने 106 शिफारशी केल्या आणि कामाचं परमिट म्हणजे लेखी परवानगी, शिफ्टचा हँडओव्हर म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळी माहिती सोपवणं, यांकडे जग वेगळ्या नजरेने बघू लागलं. तो हे हातवारे करून, कागदावर पंप काढून सांगत होता. बायको टक लावून ऐकत होती.

मी म्हटलं, रिगवर हँडओव्हर घेतल्याशिवाय एखादा व्हॉल्व्ह फिरवाल?

"छे! नोकरी जाईल."

"आणि घरी?"

उत्तर तिने दिलं. "घरी हा येतो आणि थेट पंप सुरू करतो."

यावर तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो कागदाकडे बघत मान हलवत राहिला.

पुढचं काम या वाक्यावरच उभं राहिलं. ठरलं ते असं: आल्यावर पहिले दोन दिवस झोप, कुठलाही निर्णय नाही, कुठलीही दुरुस्ती नाही, फक्त संध्याकाळचा एक तास मुलांसोबत. तिसऱ्या दिवशी मुलं झोपल्यावर दोघांनी बसायचं. आधी ती सांगणार: महिन्यात काय बदललं, काय अर्धवट आहे, कशाला सध्या हात लावायचा नाही. मग तो: तिथे काय झालं. तांत्रिक नको, त्याच्यावर काय गुदरलं ते. आणि या महिन्यातलं एक काम पूर्णपणे त्याचं, ती त्यात बघणार नाही. जाण्याआधी हेच उलट. शिवाय क्रूमधल्या दोघांचे नंबर तिच्याकडे आणि तिचा त्यांच्याकडे.

पहिला प्रयत्न साफ फसला. तिने तक्रारींचीच यादी वाचली आणि तो उठून गेला. पुढच्या खेपेला त्याने खरोखरच छापील फॉर्म करून आणला, परमिटसारखा, खाली दोघांच्या सह्यांना जागा ठेवून. मला ते जरा अतीच वाटलं, पण त्यांचं जमलं. बोलायला जीभ वळत नाही त्या माणसाला रकाने मदत करतात. त्याच फॉर्मवर त्याने एकदा लिहिलं, 'वर चढताना या वेळी पाय लटपटले.' मित्रांना त्याने हे अजून सांगितलेलं नाही.

मित्र होते तसेच आहेत. रात्री ग्रुपवर तो बसतोच, तिला ते आवडत नाहीच. फरक एवढा की आता ड्रिलरचा फोन कधी तिलाही येतो आणि "वहिनी, पोचला का आमचा माकड?" असं विचारलं जातं.

मात्र अशा सगळ्याच घरांत प्रश्न हँडओव्हरचा नसतो. अपघातानंतर महिना उलटला तरी तेच दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, झोपेतून किंचाळून उठणं चालू असेल, सुट्टीचे सगळे दिवस दारूत जात असतील, आठवडा गेला तरी झोप लागत नसेल, तर फॉर्म भरत बसू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा एकदाही कानावर आली तर त्याच दिवशी.

आणि तो नेहमीचा पुढचा प्रश्न: 'मॅडम, नोकरीच सोडायला सांगू का?' विचारा, जरूर विचारा. फक्त तो आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात नको आणि निघायच्या आधीच्या चार दिवसांतही नको. मधल्या चांगल्या दिवसांत, कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या फीचा कागद समोर ठेवून. या जोडप्याने तो प्रश्न आतापर्यंत दोनदा काढला. दोन्ही वेळा 'अजून दोन वर्षं' असं ठरलं, आणि दुसऱ्या वेळी तसं म्हणणारी ती होती.