दगडी (कासदाह, म्हणजे कासेची सूज) पुन्हा पुन्हा उलटत असेल तर जास्त ताकदीचे अँटिबायोटिक द्यावे का?

आपण लिहिले आहे की, संकरित गायीच्या मागच्या उजव्या सडात तीन दिवस अँटिबायोटिकची ट्यूब सोडल्यावर दूध स्वच्छ झाले, पण पंधरवड्यात पुन्हा गाठी येऊ लागल्या. आता कोणते ताकदीचे औषध द्यावे? मी धुळे तालुक्यात पशुवैद्य म्हणून काम करतो आणि माझे स्पष्ट मत आहे की, औषध बदलण्याआधी त्या सडात कोणता जीवाणू आहे ते कळले पाहिजे.

अशा उलटणाऱ्या दगडीत मला पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा येतो. हा जीवाणू कासेत खोलवर शिरतो, पेशींच्या आतही दडतो आणि त्याच्या भोवती घट्ट ऊती तयार होतात, त्यामुळे औषध तिथवर पुरेसे पोहोचत नाही. दूध सुधारते, पण औषध थांबले की आत उरलेले जंतू पुन्हा वाढतात. उलट स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टिया हा दुसरा जीवाणू पेनिसिलिनला सहसा चांगली दाद देतो. गायीला ताप आहे, दूध पाण्यासारखे झाले आहे आणि तिने खाणे सोडले आहे, अशा वेळी मात्र दुधाच्या तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.

तपासणीसाठी दुधाचा नमुना पुढची ट्यूब सोडण्यापूर्वीच घ्यावा. सड धुऊन कोरडे करावे, सडाचे टोक स्पिरिटच्या कापसाने कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसावे, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात सोडाव्यात आणि मग निर्जंतुक बाटली आडवी धरून त्यात धार घ्यावी. बाटली बर्फात ठेवून पशुरोग निदान प्रयोगशाळेत पोहोचवावी. कोणते औषध लागू पडेल, याची चाचणीही तिथे मागावी.

उपचार चालू असताना चारही सडांचे दूध बाजूला काढावे, कारण औषध रक्तावाटे इतर सडांतही उतरते. शेवटच्या मात्रेनंतर लेबलवरील मुदत पाळावी. ती दिलेली नसेल तर नियमानुसार किमान ७ दिवस दूध डेअरीत घालू नये. ते घरी विरजायला किंवा वासराला पाजायलाही वापरू नये.

आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गोठ्यात येतो आणि धार काढल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे असते. म्हणून धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि लगेच कुट्टी टाकावी, म्हणजे गाय उभी राहते. या गायीची धार सर्वांत शेवटी काढावी. अहवालात ऑरियस निघाला आणि गाय आटवण्याची (विण्याआधी धार बंद करण्याची) वेळ जवळ आली असेल, तर आटवताना चारही सडांत लांब मुदतीची ट्यूब सोडण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. दुभत्या काळापेक्षा तेव्हा बरे होण्याची शक्यता अधिक असते.